चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या खुर्च्या परदेशात लाखोंना का विकल्या जातात?

कारण त्या एका शहरासाठी मुद्दाम घडवलेल्या आहेत. 1950 च्या दशकात चंदीगड उभं राहत असताना शहराची आखणी करणारे आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ, आर्किटेक्ट पिएर जानरे यांनी तिथल्या कार्यालयांचं फर्निचर आखलं. युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय आर्किटेक्टचाही त्यात वाटा होता, हे मात्र लिलावाच्या गप्पांत हमखास विसरलं जातं.

खुर्ची नीट बघा. भक्कम सागवान, बसायला-टेकायला वेताची वीण म्हणजे उन्हाळ्यात पाठीला वारा. बाजूचे पाय कंपाससारखे फाकलेले, त्यावरच हाताची पट्टी. स्थानिक सुतारांनी बनवल्यामुळे दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात.

पुढे वेत फाटले, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि या भंगारात गेल्या. परदेशी डीलरांनी त्या मातीमोल भावात उचलल्या. 2011 मध्ये केंद्राने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, पण 1972 च्या पुरावस्तू कायद्याला शंभर वर्षांचं वय लागतं, त्यामुळे बाहेर गेलेल्या परत आणणं अवघड.

घ्यायचीच असेल तर लाकडावर रंगवलेली खात्याची अक्षरं आधी शोधा. अर्थात नकली खुर्चीवरही ती रंगवता येतात, म्हणून सांधे आणि झीजही तपासा.