वाचकांचे प्रश्न : चहासारखं झालेलं सीरम लावू का?

प्रश्न : जानेवारीत १५ टक्के व्हिटॅमिन सीचं सीरम घेतलं. तेव्हा ते पाण्यासारखं होतं, आता एप्रिलमध्ये चहासारखं दिसतंय. बाटलीवरची मुदत अजून वर्षभराची आहे. एवढं महागाचं, टाकून द्यायचं जीवावर येतंय. वापरू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नका वापरू. बाटलीवर १५ टक्के लिहिलं असेल, तर आत बहुधा व्हिटॅमिन सीचं मूळ रूप, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असतं. ते फार नाजूक. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडीकरण सुरू होतं आणि ते तुटत तुटत एरिथ्रुलोज या साखरेपर्यंत पोचतं. ऊन न घेता त्वचा रापलेली दिसावी म्हणून जी क्रीम मिळतात, त्यांत हाच पदार्थ घालतात! त्यामुळे जुनं सीरम लावणाऱ्यांच्या भुवयांच्या कडा, केसांची रेघ आणि बोटांची टोकं पिवळट-तपकिरी होतात. हा रंग वरच्या थरातच असतो, मृत पेशी गळतात तसा काही दिवसांत जातो. पण उजळपणासाठी आणलेली वस्तू डागच देणार असेल, तर तिचा उपयोग काय?

मुदत लिहिलेली असते ती न उघडलेल्या बाटलीची. उघडल्यावर असं सीरम दोन ते तीन महिन्यांत संपवायला हवं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलं तर तेवढंही टिकत नाही. आता हिशेब बघा. साधारण २० थेंबांचा १ मिलि होतो. रोज ५ थेंब लावले, तर ३० मिलिची बाटली चार महिने पुरते, म्हणजे संपायच्या आधीच बिघडते. म्हणून १५ मिलिचीच घ्या, भले मिलिमागे थोडी महाग पडली तरी. गडद काचेची किंवा हवा आत न जाणारी पंपाची बाटली बघा. न्हाणीघरात नको, फ्रिजमध्ये ठेवा. ड्रॉपर चेहऱ्याला टेकवू नका, झाकण लगेच घट्ट लावा, आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा. काही सीरम मुळातच फिकट पिवळी असतात, तेव्हा पहिल्या दिवशीचा रंग लक्षात ठेवा. त्यापेक्षा गडद होऊन केशरी-तपकिरीकडे झुकला, की बाटलीला निरोप.

प्रश्न : त्वचा कोरडी आहे, दिवसभर एसीत बसते. ओलावा यावा म्हणून व्हिटॅमिन सीचं सीरम लावायला लागले, तर चेहरा चरचरतो आणि कातडी ओढल्यासारखी वाटते. माझं काय चुकतंय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अपेक्षाच चुकीची दिली गेली आहे. व्हिटॅमिन सी स्वतः पाणी धरून ठेवत नाही. ते रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, उन्हाने होणारी हानी कमी करतं आणि कोलॅजन बनायला मदत करतं. ओलावा देतात ती ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक आम्ल. तो उडू न देण्याचं काम मॉइश्चरायझरचं.

चरचरण्याचं कारण आम्लता. डुकराच्या त्वचेवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.५ पेक्षा कमी असेल तरच एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल नीट आत शिरतं, आणि २० टक्क्यांच्या वर गेल्यास जास्त शोषलं जात नाही. म्हणजे मिनिटभर हलकं चुणचुणणं समजण्यासारखं आहे. लाली आणि आग टिकून राहिली, तर चेहरा धुऊन टाका आणि ते सीरम पुन्हा लावू नका.

तुम्ही १० टक्क्यांचं घ्या, किंवा सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट असलेलं. हे व्हिटॅमिन सीचंच सौम्य रूप, याचा परिणाम सावकाश दिसतो, पण कोरड्या त्वचेला ते मानवतं. आधी आठवडाभर कानामागे लावून बघा. मग एक दिवसाआड सकाळी : सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून पूर्ण कोरडं करा, कारण ओल्या त्वचेवर सीरम जास्त झोंबतं. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चेहऱ्यावर दाबून लावा, घासू नका. डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडा. पाच मिनिटांनी ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध पदार्थ) असलेलं मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन. मधला वेळ दिला नाही किंवा थर जाड झाले, तर खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण सुटतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा स्क्रबनंतर दोन दिवस सीरम बंद. एक दिवसाआड लावल्याने फार काही बुडत नाही. त्याच प्रयोगांत त्वचेत साठलेलं व्हिटॅमिन सी निम्मं व्हायला सुमारे चार दिवस लागले होते.

प्रश्न : सीरमपेक्षा लिंबाचा रस, किंवा मेडिकलमधली व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी गुलाबपाण्यात विरघळवून लावली तर?

उत्तर : दोन्ही नकोत. लिंबात मुख्यतः सायट्रिक आम्ल असतं, व्हिटॅमिन सी अगदी थोडं. रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. गोळीत साखर, रंग, स्वाद असतात. घरी पीएच मोजला जात नाही, आणि पाण्यात विरघळल्यापासूनच व्हिटॅमिन सी बिघडायला लागतं.

प्रश्न : बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. दोन महिने सीरम लावतेय, फरक नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सनस्क्रीन किती लावता, ते आधी तपासा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर भरून रेघ येईल एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, एसपीएफ किमान ३०, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात. त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. गाडीवरून जाताना स्कार्फ बांधलात, तरी त्याखाली ते लावाच.

मुरमांचे वरवरचे डाग सीरमने आठ-बारा आठवड्यांत फिकट होतात. वांग बऱ्याचदा खोलवर असतात, तिथे सीरम जोडीला असतं, मुख्य उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडे. आणि कळकळीने सांगतो, शेजारणीला गुण आला म्हणून मेडिकलमधून 'गोरं करणारी' ट्यूब आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमं आणि केस येतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते. अशी ट्यूब सुरू असेल, तर एकदम बंद न करता ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.