माळावरचा दगड, बारवेवरचा शक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासवडजवळ माळावरून चालताना एका मारुतीच्या देवळामागे उभा दगड दिसला. उंची तीनेक फूट, एकावर एक तीन कप्पे, माथ्यावर चंद्र-सूर्य. अंगाला शेंदूर. गावात त्याला नुसतं ‘देव’ म्हणतात. हे काय असावं? (वाचक, कोथरूड)

उत्तर : वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड. तो खालून वर वाचायचा. तळच्या कप्प्यात वीर लढताना किंवा पडलेला दिसतो. त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतील, तर गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो पडला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याचं नाव राहो, एवढाच माथ्यावरच्या खुणेचा अर्थ.

आता पुन्हा जाल तेव्हा एक गोष्ट बघा. जमिनीलगतच्या कप्प्यात लढाई आहे की अप्सरा? अप्सरा असतील, तर लढाईचा कप्पा मातीखाली गेलाय. म्हणून उकरायला मात्र घेऊ नका. दगड कलतो, पडतो, आणि तो मूळचा तिथलाच की कुठून आणून रोवलेला हे सांगणारी मातीही विस्कटते. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर ती सतीशिळा. कधी हा हात वीरगळावरच एका बाजूला असतो, त्यामुळे कडाही तपासा. गाढव आणि स्त्री कोरलेला दगड मात्र वेगळा : तो गद्धेगळ. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला त्यावर शिवी दिलेली असते. तिथे लेख हमखास शोधावा.

वीरगळांवर बहुधा लेख नसतो. तरी फोटो टाकताना ‘यादवकालीन’ असं ठोकून द्यायची हल्ली पद्धत पडली आहे. शस्त्रं, केशरचना, कोरण्याची धाटणी यांवरून जाणकारसुद्धा फार तर शतकाचा अंदाज देतात.

शेंदूर खरवडू नका, तो गावाचा देव आहे. समोरून, मागून, दोन्ही कडांनी आणि देवळासकट लांबून असे पाच फोटो घ्या. एकात तीस सेंटिमीटरची पट्टी दगडाला टेकवून ठेवा. उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि गावात त्याला काय म्हणतात ते, अगदी उच्चारतात तसं, लिहून घ्या. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की असे दगड हलतात, काही पायात जातात. मग हीच नोंद उरते.

प्रश्न : एका पडक्या बारवेच्या पायरीवर ‘शके १६’, मग एक झिजलेला आकडा, मग ‘३’ आणि पुढे ‘खर नाम संवत्सरे’ असं दिसतं. मधला आकडा १ की ९? (वाचक, हडपसर)

उत्तर : ९. संवत्सराचं नाव वाचता आलं, तर गणित सोपं आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या, म्हणजे प्रभव संवत्सरापासून मोजलेला क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा). शके १६१३ धरला तर १६२५, बाकी ५, म्हणजे प्रजापती. शके १६९३ धरला तर १७०५, बाकी २५, म्हणजे खर. रीत पारखून घ्यायची असेल, तर शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या : १६०८, बाकी ४८, आनंद संवत्सर. जुळतं.

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. तिथी पौष ते फाल्गुन यांतली असेल तर बहुधा ७९. तुमची पायरी १७७१-७२ ची, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतली. ‘सबा सबैन मया व अलफ’ अशी अरबी शब्दांतली साल भेटली, तर तो मराठेशाहीच्या कागदांत वापरलेला सुहूर सन : सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

अक्षरं वाचायला दुपारचं ऊन निरुपयोगी. सूर्य कलल्यावर जा, किंवा अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि डावी, उजवी, वर, खाली अशा चारही बाजूंनी वेगवेगळे फोटो घ्या. एका बाजूने दडलेली रेघ दुसऱ्या बाजूने उठते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. खडू, पीठ, लिंबू, तारेचा ब्रश काही नको. अक्षरांत आधीच ऑइलपेंट भरलेला असेल, तर वाचनावर विश्वास ठेवू नका : रंगाऱ्याला जे दिसलं ते त्याने रंगवलेलं असतं.

प्रश्न : शिरूरकडे ओढ्याकाठी पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. पावसानंतर खापरं वर येतात. घरी आणली तर चालतील? (वाचक, चंदननगर)

उत्तर : नका आणू. मोडलेल्या वस्तीच्या जागेला गावोगाव ‘पांढरी’ म्हणतात, शेतीच्या काळीच्या उलट. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती साठून ती तशी होते. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. पण प्रत्येक खापर तेवढं जुनं नसतं. एका बाजूला नळीसारखी वळलेली किंवा खाचा असलेली जाड तुकडी म्हणजे छपराचं कौल, फसगत तिथेच जास्त. त्या ताम्रपाषाणयुगातलं, जोर्वे धाटणीचं खापर पातळ, तांबूस, वर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली तर धातूसारखं खणकन वाजतं. पट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्या. कोणतं खापर उताराच्या कुठल्या भागात पडलंय, यावरून वस्तीचा विस्तार कळतो. पिशवीतल्या खापराला पत्ता नसतो. फोटो आणि ठिकाण डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे कार्यालयाला कळवा. मातीत नाणी सापडली तर मामला निराळा : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

प्रश्न : सड्यावरच्या कातळात गोल भोकं दिसतात. माणसाने केलेली की निसर्गाने? (वाचक, वारजे)

उत्तर : आत बोट फिरवा. लहान-मोठी, वेडीवाकडी, आत पांढरे स्फटिक असतील, तर लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची. सारख्या मापाची, सरळ भिंतींची, ओळीत किंवा चौकोनात असतील, तर मांडवाच्या किंवा छपराच्या खांबांची. भिंतीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा लागतात. अशी भोकं दिसली की आसपास पाण्याचं टाकं शोधा. आणि शोधायला माघ-फाल्गुनात जा. कार्तिकात गवत मांडीपर्यंत असतं, टाक्याची कड दिसत नाही, पाय थेट आत जातो.