जपानमधला एकच किल्ला बघायचा तर कुठला?

प्रश्न : एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन ओसाकाला चाललोय. किल्ल्यासाठी एकच दिवस आहे, ओसाकाचा बघू की हिमेजीला जाऊ? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर : हिमेजीच! ओसाकाचा किल्ला बाहेरून झकास दिसतो पण आजचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलाय, आत लिफ्ट आणि म्युझियम. हिमेजीचा मुख्य मनोरा 1609 मध्ये पूर्ण झाला आणि तोच लाकडी मनोरा आजही उभा आहे, असे जुने मूळ मनोरे अख्ख्या जपानमध्ये फक्त 12 उरलेत. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं, किल्ल्यावर पडलेला बॉम्ब मात्र फुटलाच नाही, म्हणून आज आपल्याला हे बघायला मिळतंय.

ओसाकाहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) शिनकाइसोकु म्हणजे जलद ट्रेनने साधारण तासाभरात पोचता, स्टेशनबाहेर पडलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला, चालत 15-20 मिनिटं. सकाळी 9 ला उघडतो, तेव्हाच जा कारण एप्रिलच्या सुरुवातीला साकुरामुळे, म्हणजे चेरीच्या बहरामुळे तुफान गर्दी असते.

आत शिरल्यावर घाई करू नका. वाट मुद्दाम वळवत वळवत नेलीय, मनोरा समोर दिसतो आणि पुढच्याच वळणाला पाठीमागे जातो, आणि तुम्ही वळताय त्या प्रत्येक ठिकाणी भिंतीतली गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं तुमच्याकडेच रोखलेली असतात, बंदुका आणि बाणांसाठीची. शत्रूला काय वाटत असेल ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. मनोऱ्यात जवळपास 25 मीटर उंचीचे दोन खांब तळघरापासून वरपर्यंत गेलेत. त्यातला पश्चिमेचा गेल्या शतकातल्या दुरुस्तीत बदललाय, पूर्वेचा जुना, त्याच्याजवळ थोडं थांबाच. सगळ्यात वर छोटंसं देऊळ आहे.

आता आईंचं. मनोऱ्यात बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात, जिने लाकडी आणि शिडीसारखे उभे, मोज्यांवरून पाय सटकतो. बाहेरून पाच मजले दिसतात पण आत सहा, शिवाय तळघर वेगळं! गुडघे दुखत असतील तर त्यांना वर नेऊच नका, प्लीज. खाली सान्नोमारूचं मोठं मैदान आहे, तिथे तिकीटही लागत नाही आणि मनोरा सगळ्यात छान तिथूनच दिसतो. तुम्ही आणि बाबा आळीपाळीने वर जाऊन या, म्हणजे त्या एकट्या पडणार नाहीत. मोजे ग्रिपवाले घ्या.