वाचकांचे प्रश्न : हृदयशल्यविशारद आणि संशोधकही?

प्रश्न : माझी मुलगी विज्ञान शाखेत बारावीला आहे. हृदयशस्त्रक्रिया आणि संशोधन ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीला करता येतात का? किती वर्षे लागतात? (एक पालक, खानापूर)

उत्तर : येतात, मात्र वाट लांब आहे. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, जनरल सर्जरीतील एमएसची तीन आणि हृदय व वक्ष शस्त्रक्रियेतील एमसीएचची आणखी तीन, शिवाय प्रत्येक टप्प्यावर नवी प्रवेशपरीक्षा. सीमाभागातील पालकांनी एक गोष्ट आधीच पाहावी : नीटची मराठी प्रश्नपत्रिका केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते, म्हणून बेळगावात परीक्षा देणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजी परिभाषेचा सराव वेळीच करावा.

संशोधनासाठी डॉ. एम. एस. वलियाथन यांची कारकीर्द जरूर अभ्यासावी. संधिवाताच्या तापाने मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी होत आणि आयात केलेली कृत्रिम झडप सामान्य कुटुंबांना परवडत नसे; म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत या शल्यविशारदाने अभियंत्यांसह स्वदेशी झडप घडवण्याचे काम हाती घेतले. पहिले तीन नमुने फसले. चौथा, धातूच्या कड्यात कलती होणारी प्लास्टिकची चकती असलेला, डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवला गेला. (पुढे डॉ. वलियाथन आपल्याच कर्नाटकातील मणिपालच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.) संशोधन म्हणजे केवळ शोधनिबंध, हा आपल्याकडील समज आम्हाला म्हणूनच अपुरा वाटतो. मुलीला एमबीबीएसच्या काळातच संख्याशास्त्राची गोडी लावून घेऊ द्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद वैद्यकीय विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावेतन देते, त्यासाठी तिने अवश्य अर्ज करावा.