चिवड्याचं पोट आणि सासूबाईंची दूध-पोळी

प्रश्न: आमचा बोका चिवडा, वय ९, चार महिने झाले आठवड्याला दोन-तीनदा ओकतो, शी पातळ, वजन साडेचार किलोवरून पावणेचारवर आलंय. जंताचं औषध झालं, शी-रक्त तपासलं, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, डॉक्टर आयबीडी, म्हणजे आतड्याची जुनाट सूज, म्हणाले. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीने आठ दिवसांत टुणटुणीत झाला म्हणून आम्ही गोळी बंद केली तर परत तेच. सासूबाई म्हणतात मांजरं केसांचे गोळे ओकतातच, आणि गुपचूप दूध-पोळी घालतात. गोळी जन्मभर द्यायची का? घरचं खाणं चालेल?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: केसांचा गोळा कधीतरी एखादा, पण आठवड्याला तीनदा ओकणं आणि पाऊण किलो उतरणं म्हणजे आजारच, हे आधी सासूबाईंच्या कानावर घाला.

बरं वाटलं की गोळी बंद, हे खूप जण करतात. स्टेरॉइड असं एकदम तोडायचं नसतं, डोस हळूहळू, काही आठवडे घेत कमी करतात आणि तोही डॉक्टरांनीच. जन्मभर लागेलच असं नाही, काही मांजरं नुसत्या खाण्यावर ठीक राहतात. गोळी चालू असताना पाणी फार प्यायला लागला, ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे दिसले तर शुगर तपासून घ्या.

खरी मेख खाण्यात आहे. आयबीडीत शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं आणि त्याला चिथावणाऱ्यांत रोजच्या खाण्यातलं प्रोटीनही असू शकतं, म्हणून कधीच न खाल्लेलं प्रोटीन द्यायचं किंवा डॉक्टरांकडचं हायड्रोलाइज्ड फूड, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्याला ओळखतच नाही. बहुतेकदा दोन आठवड्यांत फरक कळतो, पण तोवर दुसरा कणही नाही, चिकनच्या चवीचं औषधसुद्धा नाही. आपल्याकडे ससा-बदक कुठून आणणार, मग उरतं मटण, पण आखाडात त्याला दोन तुकडे मिळाले असतील (मिळालेच असणार!) तर तेही नवीन नाही. खाल्लंच नसेल तर नुसतं उकडून द्या, रश्श्यातलं नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. आणि हे फक्त त्या दोन-तीन आठवड्यांपुरतं, पुढे टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) कमी पडून डोळे आणि हृदयावर येतं, कॅल्शियम कमी पडून हाडांवर, त्यामुळे कायमचं घरचं करायचं तर डॉक्टरांकडून मोजून घ्या.

बी-१२ तपासलंय का? आतडं सुजलं की ते शोषलं जात नाही आणि मग बाकी उपायांचाही म्हणावा तसा गुण येत नाही. इंजेक्शन साधारण आठवड्याला एक असं सहा आठवडे, कातडीखाली, शिकून घेतलंत तर घरीही देता येतं.

एक गोष्ट घाबरवायला नाही पण सांगायलाच हवी, या वयात आतड्याचा सौम्य लिम्फोमाही (हळू वाढणारा एक कॅन्सर) सोनोग्राफीत असाच दिसतो, खात्रीने वेगळं कळतं ते बायॉप्सीनेच. तो निघाला तरी गोळ्यांवर बरीच मांजरं दोनेक वर्षं मजेत काढतात. खाणं बदलूनही वजन उतरत राहिलं तर हा विषय डॉक्टरांकडे काढा.

दोन दिवस तोंडच लावलं नाही तर थांबू नका, लिव्हरवर चरबी चढते. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराचा जीव जातो.

वजन दर रविवारी, लहान बाळांच्या काट्यावर, कारण शंभर ग्रॅमही इथे मोठे. वही फ्रिजला अडकवा, ओकला किती, शी कशी, काय खाल्लं, आणि ती वही सासूबाईंच्याच ताब्यात द्या. स्वतःच्या अक्षरात 'दूध-पोळी' आणि खाली 'दोनदा ओकला' लिहिलं की वाटी आपोआप कपाटात जाईल.