नवीन फौजी सुनेला: आधी कागद बघ

अगं, लग्नानंतरचं पहिलं काम म्हणजे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न, बाळाचा जन्म अशा घरच्या बदलांची युनिटने काढलेली अधिकृत नोंद. मिस्टरांच्या युनिटमधून ती निघून रेकॉर्ड ऑफिसला तुझं नाव चढलं, की मग डिपेंडंट कार्ड आणि एमएचमधले (मिलिटरी हॉस्पिटलमधले) उपचार सुरळीत होतात. बाळ झालं की जन्मदाखला लगेच युनिटला पाठव. ‘सुट्टीवर आल्यावर बघू’ म्हणता म्हणता वर्ष जातं.

नावाचं स्पेलिंग मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपास. माझ्या आधारवर ‘व्ही’ आणि रेकॉर्डला ‘डब्ल्यू’. नोकरीभर कुणाला खटकलं नाही. निवृत्तीनंतर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढायला गेलो तेव्हा अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, पुन्हा ऑर्डर. तोवर माझं गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं. फार त्रास झाला गं.

ईसीएचएसमध्ये मुलगा 25 वर्षांपर्यंत, पण आधी कमावता झाला किंवा लग्न झालं तर तेव्हापर्यंतच. मुलीला वयाची अट नाही, नोकरी किंवा लग्न होईपर्यंत ती असते.

आणि अचानक पॅनलबाहेरच्या (ईसीएचएसच्या यादीत नसलेल्या) रुग्णालयात न्यावं लागलं, तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला कळव. त्यांचा नंबर आजच फ्रिजवर चिकटव.