वाचकांचे प्रश्न : बर्ड फ्लू आणि परदेशी कोंबडी

प्रश्न : आमची नवापूर परिसरात लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आमच्या भागात बर्ड फ्लूमुळे पक्षी मारून पुरावे लागले. ज्या देशांत हा रोग आहे, तेथील कोंबडीची आयात सरकार सरसकट बंद का करत नाही? अमेरिकेने याच मुद्द्यावर भारताविरुद्ध दाद मागितली आणि आपण हरलो, असे वाचनात आले. हे कसे घडले?
— एक पोल्ट्रीचालक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सरसकट बंदी आपण घातलीच होती आणि नेमका तो सरसकटपणाच आपल्या अंगाशी आला. १८९८ च्या पशुधन आयात अधिनियमाखाली केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये जी अधिसूचना काढली, तिच्यानुसार बर्ड फ्लूची नोंद झालेल्या देशांतून जिवंत पक्षी, एक दिवसाची पिल्ले, अंडी, प्रक्रिया न केलेले मांस आणि पिसे, इतकेच नव्हे तर जिवंत डुकरेही आणता येणार नव्हती. रोग तीव्र स्वरूपाचा आहे की सौम्य, हा फरक या बंदीत बहुतांशी विचारात घेतलेला नव्हता. त्या काळात अमेरिकेत २००४ नंतर तीव्र स्वरूपाचा उद्रेक झालेला नव्हता; अधूनमधून सौम्य प्रकार आढळत असे. अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तंटा समितीने आणि जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला.

रोगाच्या भीतीने आयात रोखण्याचा कोणत्याही देशाचा हक्क या निर्णयाने नाकारलेला नाही. अट एवढीच की बंदीला शास्त्रीय आधार हवा, आणि रोग परक्याच्या घरी असो वा आपल्या, त्याला एकच माप लावायला हवे. येथे आपली बाजू लंगडी पडली. देशात कोठे उद्रेक झाला, तर आपण त्या ठिकाणाभोवती दहा किलोमीटरचे वर्तुळ आखतो, त्याच्या आतल्या पक्ष्यांच्या वाहतुकीवर व विक्रीवर निर्बंध घालतो आणि बाहेरचा बाजार चालू ठेवतो. नवापूरमध्ये रोग आला म्हणून तामिळनाडूतील नामक्कलची अंडी देशात विकायची थांबली नाहीत. अमेरिकेच्या एखाद्या राज्यातील एका फार्मवर रोग निघाला, तर मात्र आपण अख्खी अमेरिका बंद करत होतो. रोगमुक्त विभाग मान्य करण्याचे तत्त्व जागतिक व्यापार संघटनेच्या ज्या करारात आहे, त्यावर आपलीही सही आहे.

या प्रकरणातील एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. अपील मंडळाचा निर्णय आला तेव्हा अमेरिकेत तीव्र बर्ड फ्लूचा कहर चालू होता. आयोवा, मिनेसोटा या राज्यांसह त्या साथीत सुमारे पाच कोटी कोंबड्या व टर्की दगावल्या किंवा माराव्या लागल्या. तरीही निर्णयाचा पाया ढासळला नाही, कारण वादाचा मुद्दा अमेरिकेत रोग आहे की नाही हा नव्हता. जेथे रोग नाही तेथील मालही रोखता येतो का, हा होता.

आता स्पष्टच लिहायचे, तर आपल्या व्यावसायिकांची मोठी धास्ती विषाणूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, लेगपीसची होती. अमेरिकन ग्राहकाला छातीचे मांस हवे असते, त्यामुळे तंगड्या तेथे स्वस्तात उरतात, आणि आपल्याकडे नेमकी तंगडीलाच मागणी. हा माल आला तर मांसासाठी कोंबड्या पाळणारा आपला ब्रॉयलरवाला धंद्यातून उठेल, ही भीती अनाठायी नव्हती. पण ती भीती व्यापाराची आहे आणि तिच्यावर उपाय आयात शुल्काचा. कोंबडीच्या तुकड्यांवर आपण शंभर टक्के शुल्क लावत आलो आहोत. व्यापाराचे दुखणे रोगाच्या नावाखाली मांडले की खटल्यात ते टिकत नाही, हे आमचे मत आहे. पुढे २०१६ मध्ये आपण नियम बदलले, तरी अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावून धरला, आणि हा वाद सप्टेंबर २०२३ मध्ये आपसांत मिटला. त्या वेळी आपण गोठवलेली टर्की व बदक यांवरील शुल्क कमी केले.

विभागवार बंदीचा आपल्यालाही फायदा आहे. मे २०२५ मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात एका व्यावसायिक फार्मवर रोग आढळला, तेव्हा चीनने संपूर्ण ब्राझीलची कोंबडी थांबवली, तर जपानने बंदी बाधित भागापुरती ठेवली. उद्या आपल्याकडे उद्रेक झाला, तर आपल्या निर्यातदाराला जपानची रीत हवी असेल की चीनची? महाराष्ट्रासह चार राज्यांतील २६ पोल्ट्री कंपार्टमेंट (रोगापासून बचावाची एकच कडक शिस्त पाळणारे पोल्ट्री संकुल) रोगमुक्त असल्याची भारताची घोषणा जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्य केली, ती याच तत्त्वावर. अशा ठिकाणी वाहनांचे निर्जंतुकीकरण, कामगारांचे कपडे व बूट, खाद्य आणि पाणी या सगळ्यांची कडक शिस्त पाळावी लागते. आपल्या शेडसाठी या मार्गाची चौकशी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात अवश्य करावी. हा रोग स्थलांतरित पक्ष्यांबरोबरही येतो आणि त्यांना आयात परवाना लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : गोठवलेल्या परदेशी मांसातून बर्ड फ्लू होऊ शकतो का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, परंतु मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की तो नष्ट होतो, आणि आपल्याकडील रस्सा त्याहून कितीतरी अधिक तापतो. म्हणून शिजवलेल्या मांसाची चिंता नको. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत, आणि धुतलेले पाणी व टाकाऊ तुकडे परसातल्या कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.